धडा जातो, चूक परत येत नाही

मागच्या वर्षी एका महाविद्यालयात शिक्षकांसाठी एक दिवसाची कार्यशाळा होती. विषय होता ‘अध्यापनातील नवे तंत्रज्ञान’. आम्हांला तासभर बोलायचे होते. सकाळी दोन तास कंपनीच्या तरुण प्रतिनिधीने स्मार्ट बोर्ड कसा वापरायचा ते दाखवले. बोटाने रेघ ओढता येते, पुसता येते, पृथ्वीचा गोल गरागरा फिरवता येतो. सगळ्यांना मजा वाटली. जेवणाच्या सुट्टीत आम्ही सहज शेजारच्या वर्गात डोकावलो. तेथेही असाच एक बोर्ड होता, काही वर्षांपूर्वी घेतलेला. त्याच्या प्रोजेक्टरचा दिवा गेला होता. नव्या दिव्याचा खर्च खरेदीच्या वेळी कुणी धरला नव्हता आणि आता तो कोणत्या खात्यात टाकायचा हे ठरत नव्हते. बोर्ड मूळच्या फळ्यावरच ठोकल्यामुळे फळाही गेला. शिक्षक कोपऱ्यात उभ्या केलेल्या लहान फळ्यावर लिहीत होते. डेडस्टॉक रजिस्टरात मात्र बोर्ड शाबूत होता.

अशा कथा तुम्हा शिक्षकांना नव्या नाहीत. १९८७ च्या ‘खडू-फळा’ योजनेत आलेली विज्ञानपेटी मोडेल या भीतीने कपाटात कुलूपबंद राहिलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना स्मार्ट बोर्डाची हकिगत ऐकून हसूही येणार नाही. पण आमचा मुद्दा जळलेल्या दिव्याचा नाही. दिवा आज ना उद्या बदलता येतो. दुपारच्या चर्चेत भौतिकशास्त्राच्या एका मॅडमनी जो प्रश्न विचारला, तो अधिक अवघड आहे.

त्या वर्गात एका नामांकित प्राध्यापकांची विद्युतप्रवाहावरची चित्रफीत दाखवत असत. ती उत्तम आहे, आम्हीही पाहिली आहे. चित्रफीत संपल्यावर मॅडमनी मुलांना एक साधा प्रश्न दिला. एका घटाला दोन अगदी सारखे दिवे एकसर जोडणीत जोडले आहेत. कोणता दिवा अधिक उजळेल? उत्तर कारणासह चिठ्ठीवर लिहायचे. निम्म्याहून अधिक मुलांनी लिहिले, ‘पहिला दिवा अधिक उजळेल, कारण थोडा प्रवाह तोच वापरून टाकतो, उरलेला दुसऱ्याला मिळतो.’ वास्तविक एकसर जोडणीत प्रवाह सगळीकडे तेवढाच असतो आणि दोन्ही दिवे सारखेच उजळतात. मॅडम म्हणाल्या, “सर, चित्रफितीतले सर माझ्यापेक्षा छान शिकवतात. पण मुलांचं काय चुकतंय हे त्यांना कोण सांगणार? आणि मला पुढं काय करायचं हे कोण सांगणार?”

या दोन प्रश्नांना सभागृहात कुणाकडे उत्तर नव्हते. आमच्याकडेही नव्हते. आम्ही काहीतरी बोललो आणि चहाची वेळ झाली. त्यानंतर या गोष्टीचा आम्ही बराच विचार केला. विद्यापीठांनी आणि सरकारने आजवर शिकवण्याच्या तंत्रज्ञानावर जो खर्च केला, त्याचा हिशेब या दोन प्रश्नांच्या अंगाने मांडून पाहिला. तो येथे देतो.

सुरुवात घरच्याच उदाहरणाने करू. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झाले. गंगापूर धरणाजवळ त्याचे आवार आहे. पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले भौतिकशास्त्राचे अध्यापक होते आणि त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे विद्यापीठाचे ब्रीद. शिक्षण सुटलेले कामगार, गृहिणी, शेतकरी आणि नोकरीत असलेले शिक्षक त्याच्याकडे आले. तुमच्यापैकी अनेकांनी नोकरी सांभाळून याच विद्यापीठाची बी.एड. केली असेल. तेव्हा ‘शिक्षणक्रम’, ‘अभ्यासकेंद्र’, ‘संपर्कसत्र’, ‘समंत्रक’ हे त्याचे शब्द तुम्हांला समजावून सांगायला नकोत.

मुक्त विद्यापीठाच्या कल्पनेत एक मोठी गोष्ट होती आणि तिचे पुरेसे कौतुक झालेले नाही. नेहमीच्या विद्यापीठात एकच प्राध्यापक धडा तयार करतो, शिकवतो, प्रश्न काढतो आणि तपासतो. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाची सनद १९६९ ची, आणि त्याचे विद्यार्थी शिकू लागले ते १९७१ च्या जानेवारीपासून. या विद्यापीठाने हे काम वाटून दिले. विषयतज्ज्ञ, संपादक, शिक्षणतंत्राचा जाणकार आणि बी.बी.सी.चा निर्माता एका टेबलाभोवती बसून धडा घडवू लागले. चांगले शिकवणे हे एकट्या माणसाच्या प्रतिभेवर सोडायचे काम नव्हे, त्याला संघ लागतो आणि संघाला वेळ व पैसा लागतो, हे तेथे मान्य झाले. नाशिकनेही हीच वाट धरली. स्वयंअध्ययनाची पुस्तके नेहमीच्या क्रमिक पुस्तकांहून वेगळी निघाली. सुरुवातीला उद्दिष्टे, मध्ये थांबवून विचारलेले प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरे आणि वाचकाला सरळ संबोधून केलेले लेखन. मराठीत विद्यापीठीय पातळीवर असे लिहिण्याची सवय तोवर फारशी नव्हती.

पण ब्रिटनच्या विद्यापीठाचा दुसरा पाय आपल्याकडे पुरता आला नाही. तेथे विद्यार्थी गृहपाठ पाठवतो आणि शिक्षक त्याच्या समासात लिहून शिकवतो. गुण देणे हा त्या कामाचा लहान भाग असतो. शिवाय शिक्षकांनी तपासलेल्या गृहपाठांपैकी काही पुन्हा विद्यापीठातले जाणकार पाहतात. शेरे नीट आहेत का, विद्यार्थ्याला त्यातून काही कळेल का, हे ते शिक्षकाला कळवतात. बी.बी.सी.वरचे पहाटेचे आणि रात्री उशिराचे कार्यक्रम साऱ्या जगाने पाहिले. समासातले शेरे कुणी पाहिले नाहीत. आमच्या मते ते विद्यापीठ चालले ते या शेऱ्यांवर. दूरचित्रवाणीवरचे ते प्रक्षेपण २००६ च्या डिसेंबरात बंद झाले, विद्यापीठ चालूच आहे.

आता आपला समंत्रक पाहा. तो दुसऱ्याच कुठल्या महाविद्यालयाचा किंवा शाळेचा शिक्षक असतो. रविवारी, सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर येतो. मानधन सत्रावर ठरते. पुस्तक लिहिणाऱ्या संघात तो नसतो, पुस्तक छापून आले की त्याच्या हाती पडते. आणि तरीही विद्यार्थी अडतो कुठे हे प्रत्यक्ष पाहणारा सगळ्या व्यवस्थेत तोच एक माणूस असतो. साठ विद्यार्थी, प्रत्येकाचे चार गृहपाठ आणि एकेक गृहपाठ वाचून दोन ओळी लिहायला दहा मिनिटे धरली, तर २४०० मिनिटे म्हणजे चाळीस तास होतात. हे चाळीस तास कुणाच्या घड्याळातले? सत्राच्या मानधनात ते धरायचे, तर सत्र कमी पडते. धरले नाहीत, तर समासात ‘ठीक’ आणि सही, एवढेच उमटणार. यात समंत्रकाचा दोष आम्ही मानत नाही. ज्या कामाला वेळच दिलेला नाही, ते झाले नाही म्हणून कुणाला बोल लावायचा?

उपग्रहाच्या कामात आमच्या नाशिकच्या विद्यापीठाचे नाव मानाने घेतले जाते. शिक्षणासाठीच म्हणून घडवलेला भारताचा पहिला उपग्रह, एज्युसॅट, २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. त्याआधी इन्सॅट-३बी या उपग्रहावर जो पथदर्शक प्रयोग झाला, त्यासाठी तीन विद्यापीठे निवडली होती. कर्नाटकातले विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ, मध्य प्रदेशातले राजीव गांधी विद्यापीठ आणि तिसरे आपले मुक्त विद्यापीठ. जुन्या दूरचित्रवाणीला जे जमत नव्हते ते यात होते. काही केंद्रांवर केवळ चित्र दिसे, पण काही केंद्रांवरून विद्यार्थ्याला प्रश्नही विचारता येई. संवाद दुहेरी झाला, असे तेव्हा सांगितले गेले.

हा संवाद कितपत दुहेरी होता ते गणिताने पाहू. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली यायला ७२,००० किलोमीटर पडतात. रेडिओलहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात, म्हणजे पाव सेकंद लागतो. उत्तर परत यायला आणखी पाव सेकंद. अर्धा सेकंद थांबायला कुणाची हरकत नाही. आता दुसरे गणित. तास पन्नास मिनिटांचा, त्यात प्रश्नांसाठी दहा मिनिटे ठेवली आणि एका प्रश्नोत्तराला दोन मिनिटे लागली, तर पाच प्रश्न होतात. शंभर केंद्रे जोडली आणि प्रत्येक केंद्रावर तीस विद्यार्थी धरले, तर ऐकणारे तीन हजार. तीन हजारांतल्या पाचांना बोलता आले, म्हणजे सहाशेंत एकाला. उपग्रहाची क्षमता दुप्पट केली तरी हा आकडा बदलत नाही, कारण अडचण उपग्रहात नाहीच. स्टुडिओतल्या प्राध्यापकाला कान दोनच आणि वेळ दहा मिनिटांचा. आमच्या प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचे तर जाणारा मार्ग हमरस्त्याएवढा आणि परतीचा मार्ग पाऊलवाटेएवढा. अशा यंत्रणेला आम्ही दुहेरी म्हणत नाही.

जे विद्यार्थी बोलू शकले नाहीत, त्यांच्या चुका कुठे गेल्या? त्या त्या केंद्रावरच राहिल्या. तेथे बसलेल्या शिक्षकाचे काम अनेकदा संच चालू-बंद करणे आणि हजेरी घेणे एवढेच समजले जाई. एज्युसॅट २०१० मध्ये सेवेतून निवृत्त झाला. पुढे दुसरे उपग्रह आले, महाजाल आले. परतीचा मार्ग होता तेवढाच राहिला.

गंमत अशी, की ही गोष्ट आपल्याला पूर्वी माहीत होती. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष चाललेल्या ‘साइट’ प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली. त्या प्रयोगाच्या तंत्राचीच वाखाणणी झाली, पण त्यात आणखी एक भाग होता. समाजशास्त्रज्ञ काही खेड्यांत जाऊन राहिले आणि लोक काय पाहतात, काय समजतात याच्या नोंदी घेत होते. उपग्रह उडवणाऱ्या संस्थेने माणसे खेड्यात बसवावीत, यातले शहाणपण पुढच्या योजनांत पातळ होत गेले. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ दूरदर्शनवर सुरू झाला. कार्यक्रम पुष्कळदा देखणे असत. बहुतेक इंग्रजीत आणि दुपारी, म्हणजे ज्यांच्यासाठी होते ते महाविद्यालयात किंवा कामावर असताना. त्यांची परतीची वाट म्हणजे पोस्टकार्ड.

पोस्टकार्डाला आम्ही हसत नाही, कारण त्याच पोस्टकार्डावर एक फार चांगला प्रयोग चालला आहे. १९७२ मध्ये मध्य प्रदेशात सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात ‘सवालीराम’ नावाचे एक पात्र होते. मुले त्याला पत्रे लिहीत आणि त्यांना उत्तरे मिळत. उपकरणे काड्यापेटी, सायकलची ट्यूब, भिंग अशी साधी. पण शिक्षकांच्या मासिक बैठका ठरलेल्या असत. वर्गात काय फसले ते शिक्षक तेथे सांगत, शास्त्रज्ञ आणि कार्यकर्ते ते ऐकत आणि पाठ्यपुस्तक त्यावरून दुरुस्त होई. तीस वर्षे चालून २००२ मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला. त्यात तंत्रज्ञान जवळपास नव्हते. शिक्षकाला आधार मात्र भरपूर होता. आम्ही तंत्रज्ञानाच्या विरोधात बोलतो आहोत असे कुणाला वाटेल. आमचे पोट उपकरणांवरच चालते, तेव्हा तसे नाही.

विद्यापीठांतल्या शिक्षकांना आधार म्हणून जे उभे राहिले, त्याचा विचार थोडक्यात उरकतो. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर आयोगाने अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे काढली. चार आठवड्यांचे उद्बोधन वर्ग आणि तीन आठवड्यांचे उजळणी वर्ग असत. नावे पुढे बदलली, २०२३ पासून मालवीय मिशनच्या नावाने ती केंद्रे चालतात. वर्गांना हजर राहणे बढतीशी जोडलेले असल्याने उपस्थितीला तोटा नाही. आम्हीही तेथे व्याख्याने दिली आहेत आणि ‘विद्यार्थ्याला बोलते कसे करावे’ या विषयावर श्रोत्यांना दीड तास बोलू न देता बोललो आहोत. दोष आमचा. पण मूळ अडचण अशी, की शिक्षक आपल्या वर्गापासून दूर जाऊन शिकतो आणि परतल्यावर पुन्हा एकटा पडतो. त्याच्या वर्गातल्या चिठ्ठ्या त्याच्याबरोबर बसून वाचणारा कुणी नसतो.

चुकीचे परत येणे इतके महत्त्वाचे आहे का, असे कुणी विचारील. पुरावा आमच्याच विषयातला आहे. रिचर्ड हेक या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये यामिकीच्या ६२ वर्गांतल्या साडेसहा हजार विद्यार्थ्यांच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. एकच चाचणी शिकवण्याआधी आणि शिकवल्यानंतर. ज्या वर्गांत केवळ व्याख्यान होते, तेथे आधी जे येत नव्हते त्यापैकी सरासरी २३ टक्के नंतर येऊ लागले. ज्या वर्गांत विद्यार्थी चर्चा करत आणि आपले बरोबर की चूक हे त्यांना लगेच कळे, तेथे हा आकडा ४८ टक्के होता. हार्वर्डचे एरिक मझूर १९९१ पासून याच रीतीने शिकवत आले आहेत. प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपले उत्तर नोंदवायचे, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचे. उत्तर नोंदवण्यासाठी पुढे इलेक्ट्रॉनिक बटणे आली, त्यांना ‘क्लिकर’ म्हणतात. मग कॅनडातल्या एका महाविद्यालयात नॅथॅनिएल लॅस्री यांनी तुलना केली. एका वर्गाला क्लिकर दिले आणि दुसऱ्याला पुठ्ठ्याची कार्डे. २००८ मध्ये निष्कर्ष छापला, की शिकण्यात फरक पडला नाही. क्लिकरने शिक्षकाचा मोजणीचा वेळ वाचतो, उत्तरांची नोंद राहते, हे खरे. पण मुले शिकतात ती प्रश्नामुळे आणि वादामुळे. चांगला प्रश्न शोधायला शिक्षकाला संध्याकाळ घालवावी लागते. क्लिकरची निविदा निघते, संध्याकाळची निघत नाही.

आता ‘स्वयम्’ पाहू. केंद्र सरकारचे हे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये औपचारिकपणे सुरू झाले. आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एखाद्या सत्रातले ४० टक्क्यांपर्यंतचे श्रेयांक विद्यार्थी त्यावरून मिळवू शकतो. आयआयटीच्या प्राध्यापकाचे व्याख्यान सुरगाण्याच्या मुलीला फुकट ऐकता यावे, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र त्यामागे एक समजूत दिसते, की व्याख्यान वरून आले म्हणजे खालच्या महाविद्यालयातल्या शिक्षकाचे काम कमी झाले. आम्हांला उलटे वाटते. व्याख्यान देण्याच्या ओझ्यातून तो सुटला, तर त्याचे खरे काम तेथेच सुरू होते. मुलीची वही पाहणे, तिला कुठे अडले ते हुडकणे आणि ते व्याख्यात्यापर्यंत पोचवणे. या कामाचे तास त्याच्या वेळापत्रकात लिहिलेले नसले, तर चाळीस टक्के श्रेयांकांबरोबर चाळीस टक्के पदेही कुणीतरी कमी करील. ही भीती आम्ही बोलून दाखवतो, कारण ती स्टाफरूममध्ये रोज बोलली जाते.

अलीकडे सांगतात, की गृहपाठ संगणकच तपासील, बुद्धिमान यंत्र शेरेही लिहील. लिहील. आम्ही थोडे वापरून पाहिले आहे. शंभर उत्तरांतून सारख्या चुका वेगळ्या काढायला ते बरे आहे, आणि समंत्रकाच्या चाळीस तासांतले दहा-पंधरा त्याने वाचवले तर आम्हांला आनंदच होईल. परंतु वेगळी काढलेली चूक पुढे कोणाच्या टेबलावर जाते, हा मॅडमचा प्रश्न त्याने सुटत नाही.

मुक्त विद्यापीठाला हे करणे इतरांपेक्षा सोपे आहे, असे आमचे मत आहे. त्याच्याकडे पुस्तके घडवण्याची परंपरा आहे आणि राज्यभर अभ्यासकेंद्रे आहेत. गृहपाठाची पद्धतही त्याला नवी नाही. प्रत्येक पुस्तकाच्या नव्या आवृत्तीपूर्वी त्या विषयाच्या दहा-वीस समंत्रकांना दोन दिवस नाशिकला बोलवावे. येताना विद्यार्थ्यांचे तपासलेले गृहपाठ आणायला सांगावे आणि लेखकांनी ते समोर बसून वाचावेत. प्रवासभत्ता आणि जेवणखाण मिळून जो खर्च येईल, तो एखाद्या स्टुडिओच्या दुरुस्तीहून जास्त नसावा. गृहपाठ तपासण्याचे मानधन सत्राच्या मानधनापासून वेगळे धरावे आणि शेऱ्यांची नमुना-तपासणी करावी. इतर विद्यापीठांनी उपकरणाच्या प्रत्येक खरेदीत देखभालीबरोबर शिक्षकाच्या तासांचाही एक रकाना ठेवावा. रकाना रिकामा असला तर खरेदी थांबवावी.

मॅडमचा अलीकडे फोन आला होता. त्या चिठ्ठ्या त्यांनी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवल्या आहेत. यंदाच्या वर्गालाही तोच प्रश्न दिला, उत्तरे साधारण तशीच आली. चित्रफीत बनवणाऱ्या संस्थेचा पत्ता त्यांना हवा होता. आम्ही शोधला. डबीवर विक्री विभागाचा आहे.